नव्वद दिवस, तीन लँडिंग

प्रवासी विमानाच्या कॅप्टनला डाव्या सीटवर बसायचं तर मागच्या 90 दिवसांत किमान तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग त्याच्या नावावर हवीत, विमानावर किंवा मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर, म्हणजे उड्डाणाची हुबेहूब नक्कल करणाऱ्या यंत्रावर. इकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांतला हा हिशेब भारतासकट बहुतेक देश पाळतात. तो भरत असेल तर वैमानिक ‘करंट’. बाळंतपण, आजारपण, मेडिकलला अनफिट ठरणं, कंपनीच बुडणं, कारण कुठलंही असो, हिशेब तुटला की परवाना खिशात असूनही माणूस करंट राहत नाही. 17 एप्रिल 2019 च्या रात्री जेट एअरवेजचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला आलं आणि कंपनीच्या वैमानिकांचे दिवस मोजणं सुरू झालं. जुलैच्या मध्यापर्यंत नवी नोकरी नाही, म्हणजे आधी सिम, अर्थात सिम्युलेटर.

लँडिंग मोजता येतात, म्हणून मोजली जातात. पण खंडामुळे गंज चढतो तो नेमका कशावर, हे कळायला बरीच दशकं गेली.

जमिनीवर बसून उडण्याचा सराव करता येतो, ही गोष्ट लोकांना पटली ती माणसं मेल्यावर. एडविन लिंक हा न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनचा. घरचा धंदा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा. ऑर्गनचे भाते वापरून त्याने 1929 मध्ये डुलणारं, कलणारं छोटं खोटं विमान बनवलं. सुरुवातीला त्याला गिऱ्हाईक मिळालं ते जत्रेतल्या पाळण्यांच्या धंद्यातलं! फेब्रुवारी 1934 मध्ये अमेरिकेत हवाई टपाल नेण्याचं काम लष्कराकडे आलं आणि खराब हवेत, केवळ उपकरणांवर उडण्याची सवय नसलेले वैमानिक पाठोपाठ मरू लागले. लष्कराचे अधिकारी नेवार्कला लिंकची वाट बघत होते. धुकं इतकं होतं की तो येणार नाही असंच त्यांनी धरलं होतं. तो त्याच धुक्यातून विमान घेऊन उतरला. लष्कराने सहा ट्रेनर विकत घेतले. दुसऱ्या महायुद्धात हा आकडा दहा हजारांवर गेला.

पुढे सिम्युलेटर इतके हुबेहूब झाले की सरावाचा मोठा भाग तिकडेच सरकला. त्याची दुसरी बाजू 27 मार्च 1977 ला तेनेरिफे या स्पेनच्या बेटावरच्या धावपट्टीवर दिसली. दोन जम्बो जेट विमानं धडकली, 583 माणसं गेली. परवानगी न मिळताच टेकऑफ सुरू करणारा केएलएम या डच कंपनीचा कॅप्टन नवखा नव्हता, कंपनीचा ज्येष्ठ प्रशिक्षक होता. स्पेनच्या चौकशी अहवालाने एक बारीक गोष्ट टिपली आहे: हा माणूस दहा वर्षांहून अधिक काळ शिकवत होता, त्यामुळे रोजच्या मार्गांवरच्या उड्डाणांशी त्याचा परिचय काहीसा कमी झाला होता. शिवाय सिममध्ये कंट्रोलरचं, म्हणजे जमिनीवरून विमानांना सूचना देणाऱ्याचं कामही प्रशिक्षकच करतो. टेकऑफची परवानगी तोच देतो, कित्येकदा तीही कुणी मागत नाही. अपघाताची कारणं आणखीही होती, धुकं होतं, रेडिओवर एकमेकांवर पडलेले आवाज होते. पण मला हे वाक्य सगळ्यात जास्त बोचतं. घरी बसलेला तो नव्हताच, तरी एका अर्थी खंड पडलेलाच होता.

1983 मध्ये अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकासाठी झालेल्या अभ्यासात नवे खासगी वैमानिक परवाना मिळाल्यावर 8, 16 आणि 24 महिन्यांनी पुन्हा तपासले गेले. कौशल्य घसरलं होतं, आणि आपलं नेमकं काय घसरलंय याचा वैमानिकांचा स्वतःचा अंदाज फारसा भरवशाचा नव्हता. 2014 मध्ये नासाच्या संशोधकांनी 16 एअरलाइन वैमानिकांना बोइंग 747 च्या सिममध्ये बसवून ऑटोमेशन काढून घेतलं. विमान हाताने धरून ठेवणं, उपकरणांवरून नजर फिरवणं बऱ्यापैकी शाबूत होतं. हात बसलेला असतो तो असा. चुका झाल्या त्या नकाशाचा पडदा नसताना आपण कुठे आहोत याचं भान ठेवण्यात, पुढची पायरी ठरवण्यात, उपकरण बिघडलंय हे ओळखण्यात.

सिममध्ये हे जवळून दिसतं. टेकऑफच्या ऐन वेगात इंजिन बंद पाडलं तर पाय आपोआप रडरवर, म्हणजे शेपटीचं सुकाणू वळवणाऱ्या पेडलवर दाबला जातो, विमान सरळ राहतं. मग चेकलिस्टच्या मधल्या ओळीवर बोट थबकतं. तेवढ्यात कंट्रोलरने सांगितलेली उंची निसटून गेलेली असते.

मग कोविड आला. भारतात 25 मार्च ते 24 मे 2020 देशांतर्गत प्रवासी उड्डाणं बंद राहिली. लॉकडाऊनमुळे सिमपर्यंत पोचणंही अवघड, त्यामुळे जगभरातल्या नियामकांना मुदती वाढवून द्याव्या लागल्या. म्हणजे सगळ्यांना गरज असताना नेमका हिशेबच सैल झाला. सप्टेंबर 2020 मध्ये इंडोनेशियातल्या मेदानला 307 प्रवाशांचं विमान उतरताना क्षणभर धावपट्टीबाहेर गेलं. चौकशीत निघालं, कॅप्टनने मागच्या 90 दिवसांत तीन तासही उड्डाण केलेलं नव्हतं आणि सहवैमानिक 1 फेब्रुवारीपासून उडालाच नव्हता.

त्यानंतर अनेक कंपन्यांनी परतणाऱ्यांचा अभ्यासक्रम लांबवला: आधी वर्ग, मग सिम, मग प्रशिक्षक शेजारी बसवून खरी उड्डाणं. त्यात तीन लँडिंग तर होतातच. पण पहिला वेळ जातो गेटवर उभ्या विमानात, कुठला स्विच आधी आणि कुठला नंतर हे पुन्हा जुळवण्यात.