नक्षी शाबूत, टायर म्हातारा

मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, टायरचा विषय निघाला की लोक वाकून आधी नक्षी बघतात, नख घालून खोली मापतात आणि म्हणतात, "अरे हा तर नवाकोरा आहे, अजून पाच वर्षं बघायला नको." गंमत अशी की या गाड्यांचे टायर झिजून सहसा जातच नाहीत, ते उभ्या उभ्या म्हातारे होतात, आणि ते म्हातारपण नक्षीत दिसत नाही.

रोजची कार सारखी पळत असते. मोटरहोम वर्षातले कितीतरी महिने एकाच जागी उभी आणि तीही सगळ्या संसाराच्या वजनासकट, कारण पलंग, फ्रिज, ओटा आपण काही उतरवून ठेवत नाही. आता हवेत थोडाफार ओझोन असतोच, तो रबराच्या लांब साखळ्यांमधले दुहेरी बंध तोडतो आणि रबर जिथे ताणलेलं असेल तिथे भेगा पाडतो, म्हणजे नेमका खाली जमिनीजवळ टायरच्या कडेला जो फुगवटा येतो ना, तिथे. म्हणून रबर बनवतानाच त्यात मेण आणि ओझोनला अडवणारी रसायनं घालतात, ती हळूहळू वर येऊन पातळ थर धरतात. पण टायर फिरत, दबत, सुटत राहिला तर ती नीट वर येतात, गाडी उभी राहिली की हे काम मंदावतं. त्यात वरून आपण टायर काळा कुळकुळीत दिसावा म्हणून पेट्रोलियमवालं पॉलिश चोपडतो आणि असलेला थरही घालवतो! साबणपाणी पुरे, आणि गाडी उभी असताना चाकांवर उन्हापासून कव्हर.

वय बघायचं ते टायरच्या कडेला. डीओटी (DOT) अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटचे चार आकडे, ३५१९ असेल तर २०१९ सालचा ३५वा आठवडा. बऱ्याचदा हे चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात आणि ती बाजू नेमकी आत गेलेली असते, मग काय, टॉर्च घेऊन गाडीखाली आडवं व्हायचं. तीनच आकडे दिसले तर टायर २००० सालाच्या आधीचा, त्यावर पुढे बोलायलाच नको. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या, साताच्या आसपास मी तरी बदलूनच टाकेन, आणि दहा ही शेवटची हद्द, मग नक्षी कितीही खोल असू दे.

आता हवा. वजन रबर नाही, आतली दाबलेली हवा उचलते. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेरीला जास्त दबतो, आणि रबर दबताना जितकी ऊर्जा घेतं तितकी सुटताना परत देत नाही, उरलेली उष्णता होऊन आतच साठते, मग टायरच्या आतले तारांचे पट्टे रबरापासून सुटायला लागतात आणि एक दिवस हायवेवर धडाम. म्हणून सगळं सामान, पाणी, माणसं भरून गाडी काट्यावर घाला, जमलं तर एकेक चाक वेगळं, कारण ओटा आणि टाकी एकाच अंगाला असली की ती बाजू चांगलीच जड निघते. मग टायर कंपनीच्या तक्त्यात वजनासमोरचा दाब बघून हवा मारा, एका एक्सलला जड बाजूच्या हिशोबाने दोन्हीकडे सारखीच. हवा मोजायची ती सकाळी, टायर थंड असताना. ८० पीएसआयच्या टायरमध्ये तापमान १० अंश सेल्सिअसने बदललं की साधारण ३ पीएसआयचा फरक पडतो, त्यामुळे चालवून तापलेल्या टायरचा आकडा वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नका, सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

मागे जोडचाकं, म्हणजे एकेका बाजूला शेजारी शेजारी दोन चाकं, असतील तर आतलं चाक हा वेगळाच ताप. टायरच्या कडेला तो किती वजन पेलतो याचा आकडा असतो, १२१/१२० असं लिहिलेला टायर एकटा १४५० किलो पेलतो, जोडीत प्रत्येकी १४०० किलो. आतल्याची हवा गेली तरी गाडी कलत नाही, काही कळत नाही, बाहेरचा बिचारा दोघांचं ओझं ओढत राहतो. लाथ मारून किंवा दांडा आपटून हे कळत नाही, गेज लावावंच लागतं, म्हणून आतल्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचेल अशी सोय आधी करून घ्या. आणि स्टीलच्या तारांचा टायर कमी हवेवर बराच चाललेला असेल तर त्यात गुपचूप हवा मारू नका, तारा आतून थकलेल्या असतात आणि भरता भरता त्याची कड पिशवीच्या चेनसारखी फाटते. खोलून तपासून घ्या.

बदलताना जोडीतले दोन्ही सारखेच घ्या, एक नवा एक झिजका घातलात तर दोघांचा घेर वेगळा पण फेऱ्या सारख्या, मग त्यातला एक कायम घासत जातो. व्हॉल्व्हपण नवे, जास्त दाबाला धातूचेच. नट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्याने, आवळा, आणि ८० ते १०० किलोमीटर चालवल्यावर परत एकदा तपासा, चाक बसलं की थोडे सैल पडतात. हो, आणि स्टेपनीचेही ते चार आकडे बघून घ्या, ती सगळ्यात म्हातारी निघते.