बसल्या जागी बोट लागते तेव्हा

अंधेरीच्या एका मॉलमध्ये माझ्या भाचीने व्हीआरचा, म्हणजे डोळ्यांपुढे आभासी जग उभं करणारा हेडसेट चढवला आणि रोलर कोस्टर सुरू केला. बसली होती साध्या स्टुलावर. पहिल्या उतारालाच तिने स्टुलाची कड घट्ट धरली. तिसऱ्या वळणाला वरच्या ओठावर घामाचे थेंब आले. हेडसेट उतरवला तेव्हा चेहरा पांढराफटक. माझ्या आईने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगो, हिला तर बोट लागली!"

आईचं लहानपण भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकण बोटीत गेलेलं, त्यामुळे तिचं निदान अचूक होतं. फक्त इथे सगळं उलटं घडलं होतं. बोटीच्या पोटात बसलं की डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते, पण कान सांगतो की आपण डुलतोय. हेडसेटमध्ये डोळे सांगतात की आपण सुसाट निघालोय, आणि कानाला काहीच हललेलं जाणवत नाही.

कान म्हणजे आतला कान. तिथे द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की द्रव जरा मागे रेंगाळतो आणि वळण कळतं. शेजारच्या दोन पिशव्यांत बारीक स्फटिक असतात, चौपाटीवरच्या शिंपल्यांत असतं त्याच कॅल्शियम कार्बोनेटचे. गाडीने वेग घेतला किंवा ब्रेक लागला की ते सरकतात.

पण या यंत्रणेला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. विरार फास्ट एकसारखी धावू लागली की, हादरे सोडले तर, कान गप्प बसतो. म्हणून दादरला शेजारची लोकल हलली की आपलीच सुटली असं वाटतं. प्लॅटफॉर्मचा खांब जागच्या जागी दिसला की भास मोडतो. अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८७५मध्येच अशा भासांवर लिहून ठेवलंय.

मग दादरला मळमळत का नाही? मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. शेजारची गाडी हळूहळू सरकते, तेवढ्या गतीला कान गप्प असणं मेंदूला खपतं. रोलर कोस्टरच्या प्रत्येक उताराला, प्रत्येक वळणाला मात्र कानाकडून निरोप यायलाच हवा असतो, आणि तो येत नाही. मेंदूने बांधलेला अंदाज सतत चुकत राहतो. ज्यांच्या आतल्या कानाची ही यंत्रणा पूर्ण निकामी झालेली असते, त्यांना बोट लागत नाही. म्हणजे भाचीचा त्रास हा नाजूकपणा नव्हे. तिचा कान धडधाकट आहे, म्हणून तिला त्रास झाला.

यात उलटी कशाला? ट्रीझमन या संशोधकाने १९७७मध्ये सुचवलं की असा गोंधळ एरवी विषबाधेत होतो, म्हणून मेंदू पोट रिकामं करायला निघतो. कल्पना पटण्यासारखी आहे, सिद्ध झालेली नाही.

हेडसेट बनवणाऱ्यांची धडपड वेळेशी असते. मान वळल्यावर चित्र साधारण २० मिलिसेकंदांच्या आत बदललं नाही, तर मेंदूला ते खटकू लागतं. काही खेळांत धावताना चित्राच्या कडा काळ्या करतात, कारण गतीचा भास मुख्यतः नजरेच्या कडेने होतो. पण खुर्चीत बसलेल्या माणसाच्या कानाला उतार जाणवून देणं यातल्या कशानेच साधत नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही गेटवेहून मांडव्याला लाँचने गेलो. भाचीला वरच्या डेकवर उभं केलं आणि लांब, समुद्र आभाळाला टेकतो तिथे बघायला सांगितलं. लाँच डुलली की क्षितिजही तिला तिरकं होताना दिसत होतं, म्हणजे डोळे आणि कान एकच सांगत होते. आईने दिलेली आलेपाकाची वडी मांडवा येईपर्यंत तिच्या मुठीत तशीच होती.