वेस्ली: आयत्या बिळावरचा नागोबा

'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' आणि तिच्यातूनच निघालेली 'एंजल', या दोन अमेरिकन सिरियल आज कोणी पहिल्यांदा लावल्या तर वेस्ली विंडम-प्राइसचं नाव काढलं की जुने फॅन एवढे हळवे का होतात ते कळणारच नाही, कारण फेब्रुवारी १९९९ मध्ये 'बफी'च्या तिसऱ्या सिझनला हा माणूस आला तेव्हा त्याचा रागच यायचा. बफी ही व्हॅम्पायर मारणारी 'स्लेयर', तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्या जाइल्सला कौन्सिलने, म्हणजे स्लेयरांवर माणसं नेमणाऱ्या संस्थेने, काढून टाकलं, कारण काय तर त्याचा तिच्यावर बापासारखा जीव जडला, आणि त्याच्या जागेवर कोण, तर कडक सूटमधला, नियमावली तोंडपाठ असलेला हा पुस्तकी किडा. बरं नुसता आगाऊ असता तरी चाललं असतं, पण फेथ नावाची दुसरी स्लेयर जरा कुठे वळणावर येत होती तेवढ्यात हा माणसं घेऊन तिला पकडायला गेला आणि ती कायमची बिथरली. सिझनच्या शेवटच्या मोठ्या लढाईत तर हा सुरुवातीलाच आडवा आणि नंतर स्ट्रेचरवर कण्हताना दिसतो, बस्स.

(अॅलेक्सिस डेनिसॉफ मूळचा अमेरिकन आहे हे मला फार उशिरा कळलं, लंडनमध्ये शिकलेला असल्याने तो ब्रिटिश उच्चार इतका पक्का की शंकाच येत नाही.)

ऑक्टोबर १९९९ ला 'एंजल' सुरू झाली, तिचा नायक एंजल हा लोकांच्या मदतीला डिटेक्टिव्ह एजन्सी चालवणारा व्हॅम्पायर. नवव्या एपिसोडला त्याचा साथीदार डॉयल मेला आणि दहाव्याला लेदरचे कपडे घालून मोटारसायकलवरून वेस्ली हजर. म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्याच जागेवर! आणि डॉयल आवडता होता हो.

माझ्या मते गाडी खरी वळली ती मे २००० मध्ये. आदल्याच एपिसोडमध्ये फेथने त्याला खुर्चीला बांधून काचेने कापलेलं असतं, आणि आता कौन्सिलची माणसं येऊन सांगतात की तिला आमच्या हवाली कर, तुला परत घेतो. ज्या नोकरीसाठी जीव टाकत होता ती समोर ठेवलेली, सूडही फुकटात, तरी हा एंजलच्या बाजूने उभा राहतो. दुसऱ्या सिझनमध्ये तो एंजलचा कोट घालून एंजल असल्याचं सोंग करतो, गंमत म्हणून धमाल एपिसोड आहे, पण पुढे एंजल सगळ्यांना कामावरून काढतो तेव्हा ऑफिस हाच चालवतो आणि परत आल्यावर एंजलला याच्या हाताखाली काम करावं लागतं. मग इंग्लंडला वडिलांना फोन करून हे सांगायला जातो आणि दोन मिनिटांत परत चेहरा पडलेला. हा माणूस आधीपासून असा का होता ते त्या एका फोनमध्ये समजतं.

लेखकांनी त्याचा पुस्तकीपणा मात्र काढला नाही, तिसऱ्या सिझनमध्ये उलट त्याच्यावरच सगळं रचलं. बाप मुलाला मारणार असं भाकीत त्याला ग्रंथात सापडतं, खुणा तीन: भूकंप, आग, रक्त. एका रात्री जमीन हादरते, एंजलच्या खोलीत आग लागते, आणि स्वतःच्या बाळाला कवेत घेतलेल्या एंजलच्या कपाळाचं रक्त दुपट्यावर पडतं. वेस्ली बघत असतो. कोणालाही न विचारता तो बाळ उचलून नेतो, बागेत एंजलच्या शत्रूची साथीदार जस्टीन त्याचा गळा चिरते, बाळ जातं, आणि भाकीतच खोटं होतं, कोणीतरी बदललेलं. हॉस्पिटलमध्ये एंजल उशीने त्याचा श्वास कोंडायला येतो.

सगळ्यांनी टाकल्यावर चौथ्या सिझनच्या पहिल्याच एपिसोडमध्ये समुद्राच्या तळाशी पेटीत कोंडलेल्या एंजलला शोधून वर काढतो तो हाच, दाढी वाढलेला, आवाज खरवडलेला. बोटीवर स्वतःचा हात कापून तो त्याला रक्त पाजतो आणि नंतर मित्रांकडे पोचवून काही न बोलता निघून जातो. १९ मे २००४ च्या शेवटच्या एपिसोडला एका जादूगाराशी लढायला तो एकटाच जातो.