नाण्यांची व्यावसायिक प्रतवारी

नाण्यांची व्यावसायिक प्रतवारी म्हणजे एखाद्या तटस्थ संस्थेने संग्राह्य नाण्याचा अस्सलपणा तपासून, त्याच्या स्थितीला १ ते ७० या श्रेणीतील एक अंक देऊन ते कडक पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचे बंद करण्याची पद्धत होय. संग्राहकांच्या बोलीत या डबीला ‘स्लॅब’ म्हणतात. डबीच्या माथ्यावरील पट्टीवर नाण्याचे वर्ष, टांकसाळ, प्रत आणि नोंदणी क्रमांक छापलेला असतो. प्रतवारीमुळे नाण्याची धातू, वजन किंवा दुर्मिळता यांत काहीही बदल होत नाही. तरीही एकाच नाण्याला पट्टीवरील एका अंकाच्या फरकाने दुप्पट, कधी दसपट किंमत मिळते. प्रतवारी मुळात खरेदीदाराची शंका दूर करण्यासाठी आली, पण जसजसा तिच्यावरचा विश्वास वाढला तसतशी ती किमतीचे स्वतंत्र कारण बनली. या विषयाचे सारे महत्त्व याच बदलात आहे.

सध्याची अंकश्रेणी विल्यम शेल्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये मांडली. अमेरिकेच्या सुरुवातीच्या काळातील तांब्याच्या मोठ्या सेंटांपुरतीच ती होती आणि तिच्यामागे सरळ हिशेब होता : जेमतेम ओळखू येणाऱ्या झिजलेल्या नाण्याची किंमत एक पट धरली, तर निर्दोष नाण्याची सत्तर पट धरावी. हा हिशेब बाजाराने लवकरच मोडीत काढला, अंक मात्र टिकले आणि पुढे सर्व प्रकारच्या नाण्यांना लागू झाले. चलनात न फिरलेल्या नाण्यांसाठी ६० ते ७० हे अंक राखून ठेवलेले असून त्यांच्याआधी ‘मिंट स्टेट’ या अर्थाने ‘एमएस’ ही अक्षरे लिहितात. ही मोजपट्टी देणाऱ्या शेल्डनने अमेरिकन न्यूमिझमॅटिक सोसायटीच्या संग्रहातील सरस सेंट काढून घेऊन त्यांच्या जागी आपल्याकडील निकृष्ट सेंट ठेवले होते, हे त्याच्या मृत्यूनंतर उघडकीस आले. तटस्थ परीक्षकाची गरज का भासते, याचे याहून बोलके उदाहरण या क्षेत्राच्या इतिहासात नाही.

१९७० च्या दशकापर्यंत नाण्याची प्रत विक्रेता स्वतःच ठरवत असे. विकत घेताना ‘साधारण’ ठरवलेले नाणे विकताना ‘उत्कृष्ट’ ठरे, आणि नवख्या ग्राहकाला हा फरक आपला संग्रह विकायला काढल्यावरच कळे. अमेरिकन न्यूमिझमॅटिक असोसिएशनने १९७२ मध्ये अस्सलपणा तपासण्याची सेवा सुरू केली आणि १९७९ पासून ती प्रतही ठरवू लागली. मात्र नाणे व त्याचे छायाचित्र असलेले प्रमाणपत्र ही दोन्ही वेगवेगळी राहत असल्याने गैरप्रकाराला वाव होता. डेव्हिड हॉल व इतर काही नाणे-व्यापाऱ्यांनी स्थापलेल्या पीसीजीएस या संस्थेने १९८६ मध्ये नाणे आणि मत ही दोन्ही एकाच डबीत बंद करून ही फट बुजवली. १९८७ मध्ये एनजीसी ही दुसरी मोठी संस्था निघाली. जगातील संग्राह्य नाण्यांची बहुतांश प्रतवारी आज या दोन संस्था करतात.

नाणे संस्थेकडे आल्यावर एकाहून अधिक परीक्षक मालकाचे नाव न कळता ते स्वतंत्रपणे पाहतात आणि त्यांची मते जुळवून शेवटचा अंक ठरवला जातो. दिव्याखाली नाणे हलकेच तिरपे फिरवले, की न वापरलेल्या चांदीच्या नाण्यावर प्रकाशाचा एक पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरताना दिसतो. साच्याच्या दाबाने धातू पसरताना पडलेल्या सूक्ष्म रेषांमुळे ही झळाळी येते आणि एकदा गेली की कोणत्याही उपायाने परत येत नाही. झळाळीखेरीज छाप किती ठसठशीत उठली आहे, पृष्ठभागावर ओरखडे किती आणि कोठे आहेत, तसेच नाणे एकंदर डोळ्यांना कसे दिसते हे पाहिले जाते. मॉर्गन डॉलर या अमेरिकी चांदीच्या नाण्यावर स्वातंत्र्यदेवतेचा गाल मोठा आणि सपाट आहे. टांकसाळीतून हजार-हजार नाण्यांच्या थैल्या भरल्या जात, तेव्हा नाणी एकमेकांवर आपटून याच गालावर खुणा पडत. केसांच्या बटांमध्ये लपून जाणारा ओरखडा गालावर मात्र चटकन नजरेत भरतो, म्हणून तोच ओरखडा गालावर असेल तर प्रत अधिक उतरते.

प्रतीचा किमतीवर होणारा परिणाम मॉर्गन डॉलरमध्ये फार स्पष्ट दिसतो. १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडलेल्या या नाण्याचे वजन २६.७३ ग्रॅम असून त्यात ९० टक्के चांदी आहे. सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीत १८८१ साली पाडलेले डॉलर थैल्यांमध्ये मोठ्या संख्येने सुस्थितीत राहिले. त्यामुळे एमएस-६५ प्रतीतही ते सामान्य संग्राहकाच्या आवाक्यात आहेत. त्याच टांकसाळीत १८८४ साली ३२ लाख डॉलर पाडले गेले. त्यांतील पुष्कळ नाणी चलनात गेली, म्हणून झिजलेल्या स्थितीत हे नाणे आजही थोडक्या पैशांत मिळते. न वापरलेल्या स्थितीत मात्र त्याची किंमत हजारो डॉलरवर जाते आणि एमएस-६५ प्रतीत ती लाखावर पोहोचते. यालाच स्थितीजन्य दुर्मिळता म्हणतात : नाणे दुर्मिळ नसते, त्याची चांगली प्रत दुर्मिळ असते. किंचित झिजलेले एयू-५८ (‘अबाउट अनसर्क्युलेटेड’, म्हणजे जवळजवळ न वापरलेले) आणि एमएस-६० यांतील सीमारेषा केसांवरच्या पुसट झिजेवर ठरत असल्याने अशा नाण्यांबाबत परीक्षकाच्या एका निर्णयावर मोठी रक्कम अवलंबून असते.

मॉर्गन डॉलरच्या दुर्मिळतेचा एक धागा हिंदुस्थानशी जुळलेला आहे. पहिल्या महायुद्धात येथे नोटा वटवून चांदीचे रुपये घेण्यासाठी गर्दी होऊ लागली आणि सरकारकडील चांदी संपत आली. तेव्हा १९१८ च्या पिटमन कायद्यान्वये अमेरिकेने सुमारे २७ कोटी डॉलर वितळवले आणि त्यांतील बहुतेक चांदी ब्रिटनमार्फत हिंदुस्थानातील टांकसाळींसाठी आली. कोणत्या वर्षाची किती नाणी भट्टीत गेली याची नोंद ठेवली गेली नाही. त्यामुळे पाडलेल्या नाण्यांच्या आकड्यावरून उरलेल्यांचा अंदाज बांधता येत नाही आणि प्रतवारी संस्थांचे नोंदअहवाल हाच संग्राहकांचा मुख्य आधार उरतो.

कोणत्या नाण्याची कोणत्या प्रतीत किती नगांची नोंद झाली, हे या अहवालांत दिलेले असते. ‘याहून वरच्या प्रतीत एकही नोंद नाही’ एवढ्या एका वाक्याने लिलावातील बोली चढते. सर्वोत्तम प्रतींचे संच नोंदवून संग्राहकांना क्रमांक देणाऱ्या याद्यांमुळे ही चुरस आणखी वाढली आहे. परंतु हे आकडे सावधपणे वाचावे लागतात. वरची प्रत मिळेल या आशेने डबी फोडून तेच नाणे पुन्हा पुन्हा पाठवण्याचा धंदा जुना आहे, आणि जुनी पट्टी संस्थेला परत केली नाही, तर एकच नाणे अहवालात अनेकदा मोजले जाते.

अंकामुळे नाणे शेअरप्रमाणे न पाहता विकत घेता येईल, या कल्पनेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस वॉल स्ट्रीटवरील काही वित्तसंस्थांनी नाण्यांचे गुंतवणूक निधी काढले. १९८९ मध्ये भाव शिगेला पोहोचले आणि त्यानंतर कोसळले. सर्वाधिक झळ बसली ती गुंतवणूकदारांच्या आवडत्या एमएस-६५ प्रतीच्या नाण्यांना. १९९० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पीसीजीएसच्या जाहिरातींतील वस्तुनिष्ठ आणि सातत्यपूर्ण प्रतवारीच्या दाव्यांना हरकत घेतली व ते प्रकरण तडजोडीने मिटले. प्रत हे जाणकाराचे मत आहे, मोजमाप नव्हे, ही गोष्ट त्यानंतर संस्थांना उघडपणे सांगावी लागली. एकाच अंकाच्या दोन नाण्यांत डावे-उजवे असतेच. एनजीसीच्या स्थापनेत पुढाकार घेतलेले जॉन अल्बानीज यांनी २००७ मध्ये सीएसी ही संस्था काढली. आधीच डबीबंद झालेल्या नाण्यांपैकी आपल्या प्रतीत पक्की ठरणारी निवडून ती संस्था डबीवर हिरवे लेबल लावते, आणि लेबल असलेल्या नाण्याला बहुधा अधिक किंमत येते. म्हणजे मतावर पुन्हा मत घेण्याचीही वेगळी किंमत बाजार मोजतो.

अलीकडच्या नाण्यांमध्ये पट्टीचा प्रभाव सर्वांत जास्त आणि नाण्याचा सर्वांत कमी दिसतो. अमेरिकेची १ औंस चांदीची ‘सिल्व्हर ईगल’ नाणी काळजीपूर्वक पाडली जात असल्याने त्यांतील पुष्कळ एमएस-६९ किंवा एमएस-७० ठरतात. या दोन प्रतींतील फरक बहुतेकांना नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, तरीही ७० च्या पट्टीसाठी वेगळा भाव मोजला जातो. हा भाव वस्तूचा नसून पट्टीचा आहे, हे खरेदीदाराला स्पष्ट माहीत असणे आवश्यक आहे.

अस्सल पण घासलेल्या, डाग दिलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या नाण्याला अंक मिळत नाही. पट्टीवर ‘डिटेल्स’ असा शेरा येतो आणि किंमत बरीच घसरते. महाराष्ट्रातील घरांत जपलेल्या चांदीच्या रुपयांना हा शेरा हमखास लागतो. लक्ष्मीपूजनाच्या आधी हे रुपये चिंचेने किंवा रांगोळीने घासून लखलखीत केले जातात आणि त्यात मूळ झळाळी कायमची जाते. दागिन्यासाठी कडी जोडलेल्या रुपयावर कडी काढल्यानंतरही झाळकामाची खूण राहते. घरच्यांच्या दृष्टीने लखलखणारे नाणे चांगले असते, तर परीक्षकाच्या दृष्टीने शंभर वर्षांत हळूहळू काळवंडलेले, पण हात न लावलेले नाणे सरस ठरते. मराठी मुलखातील सराफ व पोतदारही नाणी पारखत आणि झिजलेल्या रुपयावर बट्टा घेत. पण तो बट्टा कमी झालेल्या चांदीचा होता, रूपाचा नव्हता.

भारतीय संग्राहकाला आणखी एक मर्यादा आहे. पुरावस्तू व कलावस्तू अधिनियम, १९७२ नुसार १०० वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तूंत मोडतात आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाहीत. त्यामुळे शिवराई, पेशवेकालीन रुपये किंवा व्हिक्टोरिया राणीचे रुपये प्रतवारीसाठी अमेरिकेला धाडता येत नाहीत. परदेशी डबीत दिसणारे इतके जुने भारतीय नाणे बहुधा आधीपासून देशाबाहेर असलेल्या संग्रहातील असते. येथील लिलावांत डबीबंद नसलेल्या जुन्या नाण्यांची किंमत आजही सूचीतील वर्णन, छायाचित्र, वजन आणि विक्रेत्याचा लौकिक यांवरच ठरते. शिवराईसारख्या हाताने पाडलेल्या तांब्याच्या नाण्याबाबत तर छाप मध्यभागी बसली आहे का आणि अक्षरे पूर्ण उमटली आहेत का, हेच आधी पाहिले जाते. साचा नाण्याहून मोठा असल्याने ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपती’ ही अक्षरे पूर्ण उमटलेली शिवराई, थोडी झिजलेली असली तरी, अर्धवट छापेच्या न झिजलेल्या शिवराईपेक्षा संग्राहकाला अधिक मोलाची वाटते.