१७६६३१९०४९ (संख्या)

१७६६३१९०४९ ही दहा अंकी विषम संख्या. अक्षरी: एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. कोणत्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्गच येतो, या प्रश्नाच्या सर्वांत लहान (शून्येतर) उत्तरातले हे ‘ज्येष्ठ मूळ’ (शेवटी येणाऱ्या वर्गाचे मूळ) होय. ‘कनिष्ठ मूळ’ (६१ ने गुणायच्या वर्गाचे मूळ) २२६१५३९८०. ही जोडी भास्कराचार्यांनी (जन्म १११४) ‘बीजगणित’ या ग्रंथात दिली आहे.

६१ चे शेजारी किती सोपे! ६० ला ४ आणि ३१ पुरतात, ६२ ला ८ आणि ६३. मधल्या ६१ साठी मात्र अब्जापलीकडे जावे लागते. शंभराच्या आतल्या दुसऱ्या कोणत्याही संख्येचे ज्येष्ठ मूळ एवढे मोठे नाही. एकेक आकडा घालून पाहणाऱ्याचा इथे निभाव लागणार नाही. चक्रवाल पद्धतीने (जवळपासच्या जोडीवरून पुढची जोडी काढत जाण्याच्या रीतीने) तेच काम पाटीवर होते.

सुरुवात ८² − ६१×१² = ३ अशी. आता ८ मध्ये मिळवली असता बेरजेला ३ ने निःशेष भाग जाईल आणि जिचा वर्ग ६१ च्या आसपास असेल, अशी संख्या घ्यायची: ७. मग (८×७ + ६१) ÷ ३ = ३९, (८ + ७) ÷ ३ = ५ आणि नवा क्षेप, म्हणजे उजवीकडे उरणारी संख्या, (४९ − ६१) ÷ ३ = −४; म्हणजेच ३९² − ६१×५² = −४. चक्राचा हा एकच फेरा पुरतो. पुढे ब्रह्मगुप्तांची ‘भावना’ (दोन जोड्यांच्या गुणाकारातून नवी जोडी काढण्याची रीत) लावली की २९७१८² − ६१×३८०५² = −१ मिळते, आणि या जोडीची स्वतःशीच भावना केली की उत्तर हाती येते. चक्रवाल भास्कराचार्यांच्या आधी जयदेव या गणितज्ञांनाही माहीत होते. युरोपात हाच ६१ चा प्रश्न फ्रेंच गणितज्ञ फर्माने १६५७ मध्ये आव्हान म्हणून टाकला.

भास्कराचार्यांचे गाव विज्जडविड म्हणजे नेमके कुठले, यावर एकमत नाही. खानदेशाची बाजू भक्कम होते ती चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण येथील शिलालेखामुळे. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने पाटणला मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने १२०७ च्या सुमारास मठाला दान दिले, असे लेख सांगतो. मठाच्या उत्पन्नाचा तपशील लेखाच्या शेवटी जुन्या मराठीत आहे. जन्मगावाच्या वादापेक्षा ही नोंद मोलाची, कारण गणित शिकवण्याची सोय खानदेशात होती याचा तो दगडावरचा पुरावा आहे.

संख्येची घडणही देखणी आहे. ती मूळ संख्या नाही. ११ × ५९ × १५२३ × १७८७ अशी तिची फोड होते. तिच्यातून १ वजा केला तर २ × २९७१८² आणि १ मिळवला तर १२२ × ३८०५². तिला कनिष्ठ मुळाने भागले असता ६१ चे वर्गमूळ दशांशचिन्हानंतर १७ स्थळांपर्यंत अचूक येते: ७.८१०२४९६७५९०६६५४३९.