कमी वारंवारतेला कपॅसिटरचे आकडे का बिघडतात?

आमच्या सिम्युलेशन अहवालातील कपॅसिटन्सचा (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेचा) वारंवारतेनुसार आलेख दोन सॉल्व्हरच्या, म्हणजे विद्युतचुंबकीय समीकरणे सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, निकालांतून जोडलेला असतो. एकाच सॉल्व्हरवर वारंवारतेचा संपूर्ण पट्टा का सोपवत नाही, याचा खुलासा येथे केला आहे.

फुल-वेव्ह सॉल्व्हर विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रे एकत्र सोडवतो. त्याच्या फायनाइट एलिमेंट पद्धतीत, म्हणजे मॉडेलचे लहान घटकांच्या जाळीत (मेशमध्ये) तुकडे करून सोडवण्याच्या पद्धतीत, समीकरणांच्या मॅट्रिक्सचे दोन भाग असतात: चुंबकीय ऊर्जेचा भाग वारंवारतेवर अवलंबून नसतो, तर विद्युत ऊर्जेचा भाग वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात घटत जातो. १ किलोहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ३०० किलोमीटर भरते आणि मेशमधील एखादा घटक ०.१ मिलिमीटरचा असतो. घटकाचा आकार आणि तरंगलांबी यांच्या गुणोत्तराचा वर्ग १०⁻¹⁹ च्या घरात जातो, तर संगणकाचे नेहमीचे डबल प्रिसिजन गणित जेमतेम १६ अंकांपर्यंत विश्वासार्ह असते. परिणामी ज्या भागात कपॅसिटन्स दडलेला असतो, नेमका तोच भाग गणनेच्या त्रुटीत बुडून जातो. मेश आणखी बारीक केल्यास हा दोष वाढतो, हे अनुभवी अभियंत्यांनाही चटकन पटत नाही.

दुसरी अडचण एस-पॅरामीटरची, म्हणजे पोर्टवर (जोडणीच्या टोकावर) सोडलेल्या लहरीचा किती भाग परत येतो वा पुढे जातो हे सांगणाऱ्या आकड्यांची आहे. १ पिकोफॅरडच्या कपॅसिटरचा इम्पिडन्स (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा अडथळा) १ गिगाहर्ट्झला सुमारे १५९ ओहम, तर १ किलोहर्ट्झला सुमारे १५९ मेगओहम असतो. ५० ओहमच्या पोर्टला असा कपॅसिटर खुल्या सर्किटसारखाच भासतो, कारण परावर्तनाची फेज रेडियनच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी ढळते. सलग दोन फेऱ्यांच्या निकालांत ०.००१ इतका फरक राहिला की थांबणाऱ्या सॉल्व्हरकडून ही फेज अचूक मिळणे शक्य नाही. ईएसआरचे (कपॅसिटरच्या समतुल्य श्रेणी रोधाचे) आकडे तर त्याहून आधी बिघडतात.

बिघाड ओळखणे मात्र सोपे आहे. मॉडेलमध्ये डायइलेक्ट्रिकची (इलेक्ट्रोडमधील विद्युतरोधक पदार्थाची) परमिटिव्हिटी, म्हणजे विद्युतक्षेत्राला प्रतिसाद देण्याचा गुणधर्म, स्थिर दिली असेल, तर लॉग स्केलवर आलेखाचे कमी वारंवारतेकडील टोक सपाट यायला हवे. ते वर उसळले, ऋण झाले किंवा थरथरू लागले, तर तो गणिताचा दोष समजावा. काही पदार्थांत कमी वारंवारतेला कपॅसिटन्स खरोखर वाढतो, परंतु सामग्रीच्या माहितीत ते नोंदवले असल्याशिवाय सिम्युलेशनमध्ये दिसणार नाही.

म्हणून कमी वारंवारतेच्या पट्ट्यासाठी आम्ही फक्त स्थिर विद्युतक्षेत्र सोडवणारा इलेक्ट्रोस्टॅटिक सॉल्व्हर वापरतो, दोन्ही सॉल्व्हर जिथे विश्वासार्ह असतात त्या मधल्या पट्ट्यात निकाल ताडून पाहतो आणि उरलेला फरक अहवालात नमूद करतो. रोधासाठी धातूच्या आतही मेश करावा लागतो, कारण तांब्यातील स्किन डेप्थ (प्रवाह धातूत जितक्या खोलीपर्यंत शिरतो ती) १ गिगाहर्ट्झला सुमारे २ मायक्रोमीटर असली, तरी १ किलोहर्ट्झला ती सुमारे २ मिलिमीटर होते आणि पातळ इलेक्ट्रोड आरपार भेदला जातो.

काम सोपवताना आपल्याला लागणारी सर्वांत कमी वारंवारता, इलेक्ट्रोडची जाडी आणि डायइलेक्ट्रिकची वारंवारतेनुसार माहिती कृपया कळवावी.