आयलंड पीकचा परवाना: खान्देशातून निघण्याआधी कोणती कागदपत्रं, कोणत्या तपासण्या

नेपाळच्या खुंबू भागातलं इम्जा त्से, म्हणजे आपण ज्याला आयलंड पीक म्हणतो ते शिखर, 6189 मीटर उंच आहे. 1953 साली एव्हरेस्टवर निघालेल्या ब्रिटिश पथकातल्या काहींनी सरावासाठी ते चढलं, त्यांत तेनसिंग नोर्गेही होते. आज ते 'ट्रेकिंग पीक' म्हणून ओळखलं जातं, आणि या दोन शब्दांमुळे जळगाव-धुळ्याकडच्या पुष्कळ जणांची गफलत होते. लळिंग किंवा पाटणादेवीच्या डोंगरासारखं पायी चढून येऊ, असं वाटतं. प्रत्यक्षात शेवटच्या टप्प्यात हिमनदी आहे, भेगांवर शिड्या टाकाव्या लागतात, आणि माथ्याखालची उभी बर्फाची भिंत दोराला जुमार, म्हणजे फक्त वर सरकणारी पकड, लावून चढावी लागते. ट्रेकिंग पीक हा परवान्याच्या व्यवहारातला शब्द आहे. एव्हरेस्टसारख्या मोठ्या शिखरांचे परवाने नेपाळचा पर्यटन विभाग देतो, आणि ट्रेकिंग पीकच्या यादीतल्या शिखरांचे परवाने नेपाळ पर्वतारोहण संघ, म्हणजे एनएमए, देतो.

हा परवाना आपण स्वतः खिडकीवर जाऊन काढत नाही. नेपाळमधली नोंदणीकृत ट्रेकिंग एजन्सी आपल्या नावाने अर्ज करते, फी भरते आणि परवान्याधारी गाइड देते. आपली कागदपत्रं पूर्ण असतील तर काठमांडूतलं हे काम एक-दोन दिवसांत होतं. वेळ लागतो तो आपल्या गावातल्या कामांना. म्हणून निदान आठ महिने आधी सुरुवात करा, असं मी सगळ्यांना सांगतो.

ओळखपत्र

भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मूळ मतदार ओळखपत्र, यांपैकी एक लागतं. आधार कार्ड चालत नाही. 15 वर्षांखालच्या आणि 65 वर्षांवरच्या प्रवाशांनाच त्यातून सूट आहे. आमच्या गटातला एक जण फक्त आधार घेऊन दिल्लीच्या विमानतळापर्यंत गेला आणि तिथूनच घरी परतला. वर्षभराची तयारी होती त्याची. अजून आठवलं की वाईट वाटतं.

मतदार ओळखपत्रावर जाता येत असलं तरी पासपोर्टच काढा. शिखराच्या अर्जाला त्याची प्रत जोडतात, विमाही त्याच नावाने निघतो. आपल्याकडे नावाचा गोंधळ नेहमीचा: एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर वडिलांचं नाव गाळलेलं, तिसऱ्यावर स्पेलिंग वेगळं. पासपोर्टवर जे नाव आहे तेच विमान तिकीट, विमा आणि अर्ज यांवर अक्षरशः तसंच हवं. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने शिल्लक असावी. पासपोर्ट आकाराचे सात-आठ फोटो सोबत ठेवा.

सरकारी, निमसरकारी नोकरी असेल, झेडपीचे शिक्षक असाल, तर आणखी एक कागद लागतो. व्हिसा लागत नसला तरी नेपाळ परदेशच आहे, त्यामुळे रजेसोबत परदेश प्रवासाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. ही फाइल टेबलावरून टेबलावर हलायला किती दिवस लागतात, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत असेल. अर्ज लवकर टाका.

वैद्यकीय तपासणी, आणि त्यात सिकलसेल

एजन्सी बहुतेक वेळा डॉक्टरांच्या सहीचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र मागते. शंभर रुपयांत न तपासता मिळणारं प्रमाणपत्र घेऊन जाऊ नका. हिमोग्लोबिन, रक्तदाब, साखर, ईसीजी आणि चाळिशी ओलांडली असेल तर स्ट्रेस टेस्ट एवढं करून घ्या. दातही दाखवून घ्या, कारण वर दाढ दुखू लागली तर दवाखाना काही दिवसांच्या चालीवर असतो.

आपल्या भागासाठी याहून महत्त्वाची तपासणी सिकलसेलची, म्हणजे तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची, आहे. नंदुरबार जिल्हा आणि चोपडा, यावल, रावेरकडची सातपुड्याची पट्टी इथे, विशेषतः भिल्ल, पावरा, तडवी समाजांत, सिकलसेलचं प्रमाण लक्षणीय आहे. ज्याला आजार नाही, फक्त एका पालकाकडून तो गुण आला आहे, अशा माणसाला वाहक म्हणतात. रिपोर्टवर 'एएस' लिहिलेलं असतं. हा माणूस शेतात राबतो, कबड्डी खेळतो, त्याला आयुष्यभर काहीच जाणवत नाही. पण उंचावर प्राणवायू कमी झाला की त्याच्याही तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकू शकतात, प्लीहेचा रक्तपुरवठा अडतो आणि डाव्या बरगडीखाली असह्य कळा येतात. हे साडेपाच-सहा हजार मीटरवरच होतं असं नाही, त्याच्या बरंच खालीही होऊ शकतं. गाइड त्याला पोटदुखी समजतो आणि वेळ जातो.

सरकारी रुग्णालयात आधी सोल्युबिलिटी टेस्ट, ही प्राथमिक रक्तचाचणी, करतात. ती पॉझिटिव्ह आली तर माणूस वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या रक्तचाचण्यांवर कळतं. 'एसएस' म्हणजे रुग्ण असेल त्याने या शिखराचा विचार करू नये. 'एएस' असेल त्याने रक्तविकार तज्ज्ञाचा लेखी सल्ला घेतल्याशिवाय पैसे भरू नयेत. माझं मत याबाबत कडक आहे. शहाद्याची, धडगावची पोरं ताकदीची आहेत, डोंगर त्यांच्या पायांत आहे. म्हणूनच त्यांची ही तपासणी राहून जाते.

डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी मित्राने दिली म्हणून घेऊ नका. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा आणि चिठ्ठी सोबत ठेवा.

अनुभव

नवख्यांनाही नेणाऱ्या एजन्सी आहेत. तरी मी म्हणेन, आधी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत, दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मनालीच्या संस्थेत बेसिक कोर्स करा. तो साधारण चार आठवड्यांचा असतो आणि त्याचं प्रमाणपत्र अर्जासोबत जोडता येतं. तेवढी रजा नसेल तर निदान एकदा 5000 मीटरच्या आसपास जाऊन या, म्हणजे आपलं शरीर उंचीला कसं वागतं ते कळतं.

दमसासाची तयारी इथेच होते. दिवाळीतल्या अस्तंबा यात्रेची ती रात्रभराची चढण, तोरणमाळचा घाट, पाठीवर बारा किलोचं ओझं. फक्त भुसावळच्या 45 अंशांत भर दुपारी सराव करून थंडीची तयारी होत नाही, उलट उष्माघात व्हायचा. पहाटे निघा.

विमा आणि एजन्सी

साधा प्रवास विमा इथे उपयोगाचा नाही. पॉलिसीच्या अटींत दोन गोष्टी शोधा: किती मीटर उंचीपर्यंत संरक्षण आहे, आणि दोर वापरून केलेली चढाई वगळली आहे का. पुष्कळ पॉलिसी 6000 मीटरच्या आतच थांबतात. हेलिकॉप्टर बचाव त्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेला हवा. पैशाची हमी मिळाल्याशिवाय हेलिकॉप्टर सहसा उडत नाही.

एजन्सीकडून नोंदणीची प्रत आणि गाइडच्या परवान्याची प्रत मागा. एका गाइडमागे किती जण, पोर्टर आणि गाइडचा विमा काढला आहे का, हेही विचारा. मग रोजचा मुक्काम किती मीटरवर, असा तक्ता मागा. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या थोडं वर, आणि जिथून चालायला सुरुवात होते ते लुक्ला 2860 मीटरवर. काठमांडूहून आपण विमानाने तिथे अर्ध्या तासात पोहोचतो. 3000 मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती हवी. नामचे (3440 मीटर) आणि डिंगबोचे (4410 मीटर) इथे प्रत्येकी दोन रात्री नसतील तर ती एजन्सी सोडा, कितीही स्वस्त असली तरी.

फी आणि प्रवास

शिखराची फी हंगामावर ठरते. एप्रिल-मेच्या हंगामात ती सर्वांत जास्त, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कमी. भारतीयांनाही ती परदेशी दरानेच डॉलरमध्ये भरावी लागते. शेतकरी घरात मात्र शरद ऋतू म्हणजे कापूस वेचणी, त्यामुळे आपल्याकडचे बरेच जण जास्त फी देऊन मे महिनाच निवडतात. त्याशिवाय संघाला कचऱ्यासाठी अनामत ठेवावी लागते, कचरा खाली आणल्यावर ती परत मिळते; ती कोण भरणार आणि परत कोणाला मिळणार, हे एजन्सीकडून लिहून घ्या. सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशाला सार्क देशांचा वेगळा दर आहे: 1500 नेपाळी रुपये अधिक 13 टक्के व्हॅट, म्हणजे आपले साधारण 1060 रुपये. खुंबूतल्या गावपालिकेचं शुल्क निराळं. भारतातल्या टूर कंपनीकडून पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस, म्हणजे कंपनीने आपल्याकडून आधीच गोळा केलेला आयकर, लागतो. पॅन क्रमांक द्या, विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो.

पैसे वाचवायचे असतील तर जळगाव किंवा भुसावळहून कुशीनगर एक्सप्रेसने गोरखपूर, तिथून सीमेवरचं सोनौली आणि पुढे बसने काठमांडू. गर्दीच्या हंगामात लुक्लाची बरीचशी विमानं काठमांडूऐवजी रामेछाप या लांबच्या विमानतळावरून सुटतात, त्यासाठी मध्यरात्रीच निघावं लागतं. ढग आले की उड्डाणं दोन-दोन दिवस बंद राहतात. परतीचं रेल्वे आरक्षण त्या हिशोबाने, निदान तीन दिवस मोकळे ठेवून करा.

शिखर सर झालं तर गाइडच्या अहवालावरून एजन्सी एनएमएकडून प्रमाणपत्र काढून देते. काठमांडू सोडण्याआधी ते हातात घ्या, आणि त्यावरचं नाव पासपोर्टशी तिथेच ताडून बघा.